स्वतःच्या विनंतीवरून

मी तीस वर्षांच्या वर सरकारी नोकरी केली आणि त्यातली बहुतेक आस्थापना शाखेत. आस्थापना म्हणजे कार्यालयातल्या माणसांचं बघणारी शाखा. कोण कधी लागलं, कोणाची रजा, कोणाची बदली, यादीत कोण वर आणि कोण खाली. बाकीच्या शाखा जमीन बघतात, पाणी बघतात, आपण माणसं बघतो, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायची. ते काही खरं नव्हतं. आम्ही माणसांचे कागद बघायचो.

खातं कोणतं ते सांगत नाही. त्याने फरकही पडत नाही, कारण त्या काळी ज्याला त्याला आपलंच खातं जगावेगळं वाटायचं आणि सगळीकडे एकच तऱ्हा होती. मी मूळची नांदेडची. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथे माणसं हवी होती, नवऱ्याची शाळाही लातूरलाच होती, म्हणून मी तिकडे जायचा विकल्प लिहून दिला. नव्या जिल्ह्याला कार्यालयं होती, इमारती नव्हत्या. आमचं कार्यालय आडत बाजाराच्या मागे एका डाळमिलच्या जुन्या गोदामात बसलं. भिंतींना पांढरा चुना दिला होता, पण दुपारी पत्रे तापले की हरभऱ्याचा वास यायचा. जुन्या जिल्ह्यातून आमच्या वाट्याचं दप्तर गोण्यांत भरून ट्रकने आलं आणि मागच्या खोलीत फरशीवर पडलं ते पडलंच. बायकांसाठी सोय नव्हती. मी एकटीच बाई होते, शेजारच्या घरी जायची. त्या घरातली म्हातारी दर वेळी विचारायची, "एवढं मोठं हापिस तुमचं, आन् एक मोरी न्हाई का वो?" मी हसून वेळ मारून न्यायची.

जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली आणि पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष लोकांनी रेटलं, दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. आमच्या खात्याकडे टँकर होते. कुठल्या गावाला, कुठल्या गल्लीला कधी खेप टाकायची ती यादी आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक करायचा. मंजुरी साहेबांची, पण साहेब ती यादी वाचत नसत. म्हणजे पाणी त्याच्या हातात होतं.

माणूस कामाचा होता, हे सांगायलाच हवं. कोणत्या टँकरचं इंजिन कुठे बसतं, कोणता चालक कुठल्या ढाब्यावर थांबतो, सगळं त्याला तोंडपाठ. दोन मुलींचा बाप. बोलायला गोड. सकाळी आला की प्रत्येकाच्या टेबलाशी थांबायचा. "काय भाऊसाहेब, काल आलं का पाणी? दोन ड्रम भरले म्हणं वैनीनं." कोणाच्या घरी किती ड्रम आहेत हेही त्याला ठाऊक. आमच्या गल्लीत मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर यायचा, साहेबांच्या गल्लीत रोज. त्या वर्षी कार्यालयात त्याला कोणी उलटून बोलल्याचं मला आठवत नाही. मीही नाही बोलले.

त्याच उन्हाळ्यात ती आली. तेविशीची. वडील आमच्याच खात्यात होते, नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी तिला घेतलं. रेणापूरची. वडिलांच्या पश्चात घरी आई आणि ती, दोघीच. आईचे गुडघे गेलेले, पाण्याची घागर उचलणं तिच्याच्याने होत नसे. म्हणून पोरगी पहाटे घरचं सगळं उरकून एसटीने लातूरला यायची आणि संध्याकाळी परत जायची. गळ्यात चांदीचं लिंग, केसांना तेल, अक्षर छापल्यासारखं. मला पहिल्या दिवसापासून "अक्का" म्हणायला लागली. उदगीरकडे तिचं आजोळ होतं, तिकडची सवय. मला ती आवडली. कार्यालयात आता आपण दोघी झालो याचा मला खरंच आनंद झाला होता.

मागच्या खोलीतल्या गोण्या उपसून कागदांची लावालाव करायचं एकदाचं ठरलं. ते काम तिला दिलं, आणि जुनं दप्तर टँकरची यादी करणाऱ्या त्या लिपिकाच्या माहितीचं म्हणून रोज दुपारी तासभर त्यालाही. तसा कार्यालयीन आदेश निघाला. तो मीच टाइप केला. खोलीला खिडकी नव्हती आणि दार आतून लागत होतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि मनात येणं वेगळं. तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

आठवड्याभरात त्याचं बोलणं बदललं. सगळ्यांसमोर म्हणायचा, "रेणापूरला तुमच्या गल्लीत दोन खेपा टाकल्या बरं का काल. जरा आमच्याकडं बी बघत जावा." बाकीचे हसायचे. तिने पाणी मागितलंच नव्हतं. ती खाली मान घालून काम करायची. मग दुपारचं खोलीचं दार बंद व्हायला लागलं. धूळ बाहेर येते म्हणून, असं तो सांगायचा. एकदा ती मला म्हणाली, "अक्का, त्यो माणूस लई जवळ येऊन बोलतो." मी म्हटलं, "त्याला सवयच हाय तशी. तू लांब बस." लांब बसायला त्या खोलीत जागा नव्हती.

एका दुपारी आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि ती बाहेर आली. पळत नाही, चालतच आली, आणि आपल्या खुर्चीपाशी पाठमोरी उभी राहिली. तिच्या पोपटी झंपरवर पाठीला, कमरेच्या जरा वर, धुळीचा अख्खा पंजा उमटला होता. पाचही बोटं. जुन्या दप्तराची धूळ काळी असते, आणि कापड फिकं होतं. सात-आठ माणसं टेबलांवर होती. प्रत्येकाने तो पाहिला आणि प्रत्येकाने समोरचा कागद वाचायला घेतला. मी उठले. माठातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं आणि तिची पाठ पुसून काढली. दोन-तीनदा पुसावं लागलं. पोरीची लाज झाकली, चांगलं काम केलं, असंच मला तेव्हा वाटत होतं. त्या कार्यालयात जो एकच पुरावा कधी तयार झाला तो मी माझ्या हाताने पुसला.

दुसऱ्या दिवशी तिने दीड पानी अर्ज लिहून आणला. विषय: सहकारी कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनाबाबत. त्या दिवशी काय झालं, आधी काय झालं, सगळं तिच्या स्वच्छ अक्षरात. तिने एकही शब्द वाढवून लिहिला नव्हता, उलट काही गोष्टी गाळल्याच असाव्यात. आवक नोंदवहीत नोंद करायची तर अर्जाला क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडला की उत्तर द्यावं लागतं. म्हणून अशा नाजूक कागदाला आधी साहेबांची नजर, मग क्रमांक, अशी आमच्याकडे रीत होती. मी अर्ज तसाच साहेबांकडे नेला.

साहेब वाईट नव्हते. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं, मुलीचं लग्न ठरत होतं, रक्तदाब होता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, यात कार्यालय काय करणार? दोन कर्मचाऱ्यांची आपसातली गोष्ट आहे. मी काय प्रत्येकाचे हात धरून बसू?"

खोली कार्यालयाची, काम कार्यालयाचं, त्या दोघांना एकत्र बसवणारा आदेश कार्यालयाचा, हे मला आज दिसतं. त्या दिवशी साहेबांचं बोलणं मला रास्त वाटलं होतं. वाटलं नव्हतं असं आता म्हणणं सोपं आहे.

"चौकशी लावतो म्हटलं तर लावता येईल," साहेब पुढे म्हणाले. "पण मग जबाब होणार, सगळ्यांना विचारणार, पोरीचं नाव होणार. लग्न व्हायचंय तिचं. त्यापेक्षा नांदेड जिल्ह्यात देगलूरला जागा रिकामी आहे. मी फोन करतो. तिच्याकडून विनंती बदलीचा अर्ज घ्या. तुम्ही बाईमाणूस, तुमचं ऐकेल ती."

मी तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे कार्यालयाचा पाण्याचा ड्रम होता, त्याच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. मी सगळं सांगितलं, साहेबांपेक्षा गोड करून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"अक्का, जायचं कुणी? मी का जायचं?"

यावर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "त्याला हलवलं तर टँकरचं कोण बघंल गं? दुष्काळाचे दिवस हायेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. माझं म्हणणं खरंच समजून घ्यावं अशा बेताने. मग म्हणाली, "माय एकटी हाय वो रेणापूरला. देगलूरहून रोज कसं यायचं?"

"सुट्टीला यायचं. नाहीतर तिला घेऊन जायचं."

"ती घर सोडायची न्हाई." मग तिने विचारलं, "नोकरीत काही नुकसान न्हाई ना व्हायचं माझं?"

आता इथे मला खुलासा करायला हवा. प्रशासनाने बदली केली तर माणसाची ज्येष्ठता टिकते. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तर तिथल्या यादीत सगळ्यात शेवटी नाव लागतं. आधीची वर्षं यादीपुरती गेली, पुढे बढती त्या यादीवरूनच. हा नियम आमच्या कार्यालयात माझ्याइतका कोणालाच माहीत नव्हता. लोक मला विचारायला यायचे. आणि मी तिला म्हटलं, "नोकरी तर राहती ना? त्या माणसाचं तोंड बघायची पाळी येत न्हाई, हे बघ."

अर्जाचा मसुदा मी केला, तिने उतरवून काढला. विनंती बदलीला कारण लागतं. खरं कारण लिहायचं नव्हतं, दुसरं सुचेना, म्हणून मी नेहमीचे शब्द घातले: कौटुंबिक अडचणीमुळे. आजारी आई रेणापूरला, आणि कौटुंबिक अडचणीमुळे मुलगी देगलूरला चालली. रेणापूरहून लातूर जवळ, देगलूर कुठल्या कुठे, पार तेलंगणाच्या कडेला. नांदेडलाही कोणी विचारलं नाही की ही कसली अडचण. महिन्याच्या आत आदेश आला. तिचा तो दीड पानी अर्ज साहेबांनी मला परत दिला आणि मी तिला. क्रमांक नाही, तारखेचा शिक्का नाही. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला. जाताना ती माझ्या पाया पडली. तिने पाया पडू नये असं मला वाटलं, पण मी पाय मागे घेतले नाहीत.

त्याचं काही झालं नाही. साहेबांनी त्याला आत बोलावून दोन शब्द सुनावले म्हणे. बाहेर आला तेव्हा हसत होता. पुढच्या मंगळवारी आमच्या गल्लीत टँकर वेळेवर आला आणि मी दोन्ही ड्रम भरून घेतले. मागच्या खोलीतल्या गोण्या तशाच राहिल्या. त्या कामाला दुसरी बाई नव्हती आणि पुरुषांना धुळीचा त्रास होत होता.

तिची पत्रं पहिल्या वर्षी यायची. देगलूरला एका तेलुगू बोलणाऱ्या घरी खोली घेतली होती. घरमालकीण तिला चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, करून घालते, बाजारात अर्धं तेलुगू अर्धं कानडी चालतं, आपल्यालाही आता थोडं येतं, असं लिहायची. मग आई गेली. ती पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती, असं तिच्या पत्रात होतं. मी सांत्वनाचं उत्तर लिहिलं. त्यानंतर पत्र आलं नाही, आणि मीही पाठवलं नाही.

आठ-नऊ वर्षं गेली. जिल्हा जुना झाला, आम्ही नव्या इमारतीत गेलो. तिथे बायकांसाठी सोय होती आणि आम्ही आता पाच-सहा जणी होतो. तो माणूस बढती मिळून अधीक्षक झाला होता. माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसायचा. केस पिकले होते, एका मुलीचं लग्न झालं होतं, वागणं आता सभ्य होतं. त्याच्या बदली-बढतीचे कागदही मीच केले होते. नियमाने जे त्याचं होतं ते त्याला मिळालं.

एके दिवशी नांदेडहून पत्र आलं. तिकडे लिपिकांची ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली होती आणि हरकती मागवल्या होत्या. तिने हरकत घेतली होती. तिच्यानंतर एक-दोन महिन्यांनी लागलेली मुलं यादीत तिच्या वर होती आणि त्यांना बढती मिळणार होती. तिने लिहिलं होतं की आपली बदली विनंतीवरून दाखवली असली तरी आपण ती मागितली नव्हती, आजारी आई रेणापूरला असतानाही तक्रार केल्यामुळे ती करायला लावली. सोबत तो दीड पानी अर्ज जोडला होता, त्याची प्रत नांदेडने आम्हाला पाठवली होती. अशी तक्रार आपल्या कार्यालयास प्राप्त झाली होती काय, आणि बदली विनंतीवरून होती किंवा कसे, याचा खुलासा करावा. पत्र माझ्याच टेबलावर आलं. दुसऱ्या कोणाच्या येणार?

मी आवक नोंदवही काढली. त्या महिन्याचं पान बघितलं. नोंद नव्हतीच. मग मसुदा लिहिला: सदर तक्रार प्राप्त झाल्याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही. सदर कर्मचाऱ्याची बदली स्वतःच्या विनंतीवरून, कौटुंबिक अडचणीमुळे करण्यात आली आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मसुदा सहीला पाठवला.

त्या वेळी आमच्याकडे नव्या अधिकारी आल्या होत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. प्रत्येक कागद वाचायच्या, त्यामुळे कर्मचारी बेजार. मला मात्र मान द्यायच्या, अडलं की "बाई, हे कसं करतात?" असं मोकळेपणाने विचारायच्या. माझी स्वतःची बढतीची फाईल त्या आठवड्यात त्यांच्याच टेबलावर होती. त्यांनी मला बोलावलं. समोर माझा मसुदा आणि ती प्रत.

"बाई, बसा. ही मुलगी रेणापूरची. आई आजारी, आई रेणापूरला. आणि कौटुंबिक अडचणीमुळे ही देगलूरला कशी जाते?"

मी म्हटलं, "अर्जात तसंच आहे, मॅडम."

"अर्जात आहे ते मी वाचलं. मला पटत नाहीये." त्यांनी प्रत पुढे सरकवली. "हे कोणी उगाच लिहीत नाही. हे खरं असेल तर चूक आपल्या कार्यालयाची आहे, तिची नाही. मी नांदेडला लिहून द्यायला तयार आहे की ही बदली प्रशासकीय समजावी. पण मला आधार लागेल. त्या वेळचं कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही होतात ना तेव्हा इथे?"

"होते."

दार उघडं होतं. बाहेर तो कोणाला तरी रजेचा नियम समजावून सांगत होता, त्याचा आवाज येत होता. मला भीती वाटली, हे मी मान्य करते. त्याची नाही. त्याच्या हातात आता पाणी नव्हतं. मला भीती वाटली ती पुढच्या प्रश्नाची: मग तुम्ही काय केलंत? मी आदेश टाइप केला. मी पाठ पुसली. मी अर्ज क्रमांकाशिवाय परत दिला. मी मसुदा केला, आणि नियम माहीत असून सांगितला नाही. एवढं सगळं एका तरुण मुलीसमोर बोलायचं, जी मला मान देत होती, आणि माझी फाईल तिच्यासमोर असताना. कार्यालय म्हणून जबाबदारी घ्यायला इतक्या वर्षांनी कोणीतरी पुढे आलं होतं. फक्त माझ्या एका होकाराची वाट होती.

"असं काही घडलं होतं का?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगा, मी तेवढ्यावर लिहिते."

मी म्हटलं, "माझ्या आठवणीत तरी तसं काही नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मला बरं वाटलं असतं.

"बरं. तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.